विचारलंत म्हणून सांगते : काकरापारविषयी तुमची पत्रं

दोन अंकांपूर्वी याच सदरात दक्षिण गुजरातेतल्या, तापीकाठच्या काकरापार अणुवीज केंद्राचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेक पत्रांमागे काळजी आहे, एक-दोन पत्रांत रागही आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की 1996 ते 2012 अशी सोळा वर्षं मी त्या केंद्राच्या परिसरातले नमुने तपासण्याचं काम केलं. अणुभट्टी मी कधी चालवली नाही. दूध, मासे, भाजी, माती, विहिरीचं पाणी गोळा करून आणायचं आणि त्यात काय उतरलंय ते मोजायचं, हे माझं काम. निवृत्तीनंतर बडोद्याला माहेरच्या गावी परतले. तेव्हा मी मोजणारीच्या जागेवरून बोलते आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

ताई, माझे जावई काकरापारला मेंटेनन्सला आहेत, मुलगी तिथल्याच अनुमाला कॉलनीत राहते. तिला सहावा महिना आहे. सातव्यात डोहाळजेवण करून इकडे आणायचं ठरलंय, पण शेजारच्या बाई म्हणतात आत्ताच घेऊन या, जावई रोज कपड्यांवरून किरणं घरी आणतात. 2016 मध्ये तिथे गळती झाली होती असंही कळलं. मला रात्र रात्र झोप नाही.
— एक आई, दांडिया बाजार

आधी कपड्यांचं बोलू, कारण तुमची झोप त्यानंच उडालेली दिसते. किरणं कपड्यांना चिकटत नाहीत. एक्स-रे काढून आलेला माणूस घरात किरणं घेऊन येत नाही, तसंच हे. चिकटते ती किरणोत्सारी धूळ किंवा ओल, आणि तुमच्या शेजारणींच्या भीतीत तथ्य असलंच तर ते इथे आहे. म्हणून सगळा बंदोबस्त त्या धुळीसाठीच केलेला असतो.

जावई कामावर कसे जातात ते सांगते. बाहेरचे बूट एका ठिकाणी काढून ठेवायचे, आतले वेगळे घालायचे. घरचे कपडे कपाटात ठेवायचे, आतला सुती बॉयलर सूट चढवायचा. हा सूट घरी जात नाही, तिथल्याच धुलाईघरात धुतला जातो. छातीवर एक बिल्ला लावायचा, त्याला टीएलडी म्हणतात. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या छोट्या चकत्या असतात. त्यांच्यावर जेवढी किरणं पडतात तेवढी त्या साठवून ठेवतात, आणि ठरावीक काळानं तापवल्या की मंद उजळतात. त्या उजेडावरून माणसानं किती डोस घेतला ते कळतं. हा बिल्लासुद्धा फाटकावरच ठेवून यायचा असतो. बाहेर पडताना हात आणि पाय एका यंत्रावर टेकवायचे, मग अंगभर मोजणाऱ्या चौकटीतून जायचं. घंटा वाजली तर पुन्हा हात धुवा, पुन्हा मोजा. घंटा थांबल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. मी स्वतः हात तीनदा धुऊन आलेली आहे, घरी स्वयंपाकाला उशीर झाला तरी.

एक गोष्ट मात्र यंत्राच्या चौकटीला दिसत नाही, आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. तिचं नाव ट्रिटियम. काकरापारच्या भट्ट्यांत जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजनचं पाणी, वापरतात, आणि ते भट्टीत राहून राहून त्यात हा किरणोत्सारी हायड्रोजन तयार होतो. त्याची किरणं इतकी दुबळी, की कातडीही ओलांडत नाहीत. पण श्वासातून किंवा कातडीतून बाष्पाच्या रूपानं तो शरीरात गेला तर पाण्याबरोबर अंगभर पसरतो. म्हणून तिथल्या कामगारांच्या लघवीची नियमित तपासणी होते. शरीरातलं ट्रिटियम साधारण दहा दिवसांत निम्मं बाहेर पडतं, भरपूर पाणी प्यायलं तर आणखी लवकर. त्यातून घरातल्या माणसांना पोचणारा डोस नगण्य असतो. जावयांना एवढंच विचारा, की लघवीचा नमुना वेळेवर देता ना? कंटाळा करणारी मंडळी मी पाहिली आहेत, म्हणून सांगते.

आता आकडे. सामान्य माणसासाठी अणुकेंद्रामुळे वर्षाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा (हे डोस मोजायचं माप) जास्त डोस होता कामा नये, असा नियम आहे. काकरापारच्या आसपास राहणाऱ्यांना प्रत्यक्षात मिळणारा डोस त्याच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. तुम्हाला-मला जमिनीतून, आकाशातून, घराच्या भिंतींतून आणि खाण्यातून निसर्गतःच जगाच्या सरासरीनं वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. पोटाचा एक सीटी स्कॅन केला तर 8 ते 10. म्हणून गरोदर बाईनं डॉक्टरांना आपली अवस्था सांगितल्याशिवाय सीटी स्कॅनच्या टेबलावर झोपू नये, ही काळजी मला कॉलनीत राहण्यापेक्षा मोठी वाटते.

राहिली 2016 ची गोष्ट. 11 मार्चला सकाळी पहिल्या भट्टीत शीतक नळीतून, म्हणजे इंधन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीतून, जड पाणी गळू लागलं. या भट्टीत अशा 306 आडव्या नळ्या आहेत. प्रत्येकीत इंधनाचे बारा गठ्ठे आणि त्यांच्या अंगावरून 290 अंशांच्या आसपास तापलेलं जड पाणी प्रचंड दाबाखाली वाहतं. गळती होताच भट्टी आपोआप बंद झाली, आणीबाणीसाठीचं थंड पाणी आत सुरू झालं, इमारत हवाबंद केली गेली आणि केंद्रात आणीबाणी जाहीर झाली. गळकी नळी हुडकून ती वेगळी काढायला दहा दिवस लागले, मग आणीबाणी उठवली. कुठल्याही कामगाराला मर्यादेबाहेर डोस मिळाला नाही. बाहेरच्या हवा-पाण्यात फरक आढळला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टी शून्य ते सात अशी असते. त्यावर ही घटना एकवर धरली गेली. चेर्नोबिल आणि फुकुशिमा सातवर होते.

तेव्हा मुलीला ठरल्याप्रमाणे सातव्यात आणा, हिरवी साडी नेसवा, ओटी भरा. आणि कुणी आयोडीनच्या गोळ्या देऊ केल्या तर अजिबात घेऊ देऊ नका. त्या केवळ खऱ्या आणीबाणीत, सांगितल्यावर घ्यायच्या असतात. गरोदरपणी मनानं घेतल्या तर बाळाच्या थायरॉइडला त्रास होऊ शकतो.

सुरतहून सोनगडला जाताना लांबून मोठमोठे मनोरे दिसतात, त्यांतून पांढरा धूर निघतो. तो किरणोत्सारी असतो का?
— इयत्ता नववी, रावपुरा

तो धूर नाही बाळा, पाण्याची वाफ आहे. ते रुंद, कमरेत बारीक मनोरे म्हणजे थंड करायचे मनोरे. टर्बाइन फिरवून झालेली वाफ पुन्हा पाणी करायला वेगळं गार पाणी लागतं. ते पाणी तापतं, आणि मनोऱ्यात नेऊन त्याला वारा दिला जातो. हे पाणी भट्टीतल्या पाण्याला कधी भेटत नाही, मध्ये नळ्यांच्या भिंती असतात. भट्टीच्या इमारतीतली हवा गाळून एका वेगळ्या, सरळसोट चिमणीतून सोडतात. त्या चिमणीतून तुला काहीच दिसणार नाही, आणि आमची मोजायची यंत्रं मात्र तिच्यावरच रोखलेली असतात. तुझ्या घरच्या दिव्यात येणारी वीज कुठूनही आलेली असो, ती वीजच असते, तिच्यातून काही येत नाही.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या घरात कमरेपर्यंत चढलं. त्या दिवसापासून एकच विचार डोक्यात आहे. तापीकाठच्या केंद्रात असं पाणी शिरलं तर? तुम्ही लोक सुरक्षिततेचा इतिहास उत्तम असल्याचं सांगता. खरंच तसा आहे का?
— निवृत्त बँक कर्मचारी, मांजलपूर

पाणी शिरलेलं आहे. 1994 च्या जूनमध्ये, 15 आणि 16 तारखेला, दक्षिण गुजरातेत धो धो पाऊस झाला. केंद्राजवळच्या मोतीचेर तलावाचं पाणी चढलं, त्याचे दरवाजे वेळेवर उघडता आले नाहीत. जे मार्ग पाणी बाहेर सोडायला होते त्यांतूनच ते आत आलं, आणि केबलच्या चरांवाटे टर्बाइनच्या इमारतीत पोचलं. ते चर बंद करायची सोय नव्हती. शेवटी आसपासच्या गावकऱ्यांनी आपली घरं वाचवण्यासाठी तलावाचा बांध फोडला आणि पाणी उतरलं. त्या वेळी पहिली भट्टी आधीच चार महिन्यांहून जास्त काळ बंद होती, आणि दुसरी तर पहिल्यांदा सुरू झाली ती 1995 च्या जानेवारीत. मी तिथे रुजू झाले ती या प्रकारानंतर दोन वर्षांनी.

भट्टी बंद असल्याचं महत्त्व काय, ते नीट सांगायला हवं. चुलीतली लाकडं ओढली तरी निखारे धगधगत राहतात, तसं भट्टी बंद केल्या क्षणीही इंधनातून पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. ती तासांनी आणि दिवसांनी उतरत जाते, पण तोवर पाणी फिरवत ठेवावं लागतं. फुकुशिमाला 2011 मध्ये भूकंप होताच चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. घात झाला तो तळघरातल्या डिझेल जनित्रांमुळे. त्सुनामीचं पाणी तिथे शिरलं, पंप बंद पडले आणि निखारे थंड करायला कुणी उरलं नाही. काकरापारची भट्टी 1994 मध्ये चार महिने निवालेली होती, हे आपलं भाग्य. भाग्यावर मी विसंबणार नाही, आणि कुणी विसंबावं असं मला वाटत नाही.

तुम्ही इतिहासाबद्दल विचारलंत. आपल्याकडच्या घटना मी एकामागून एक आठवते, तेव्हा मला सारखी एकच गोष्ट दिसते. भट्टीच्या ज्या गाभ्याची आपण भीती घालतो, तिथून संकट आलेलंच नाही. ते आलं बाजूच्या दारानं, जिथे कुणी फारसं बघत नाही तिथून. 31 मार्च 1993 ला उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याला टर्बाइनची पाती तुटली, तिथला हायड्रोजन पेटला, आणि आग केबलींच्या वाटेनं पसरत गेली. केंद्रात सतरा तास वीज नव्हती. आतल्या माणसांनी आग विझवायच्या डिझेल पंपांनी बाष्पजनकांत, म्हणजे वाफ तयार करणाऱ्या टाक्यांत, पाणी भरलं आणि भट्टी थंड ठेवली. या बनावटीच्या भट्टीत बाष्पजनक उंचावर असतात, त्यामुळे पंप नसले तरी गरम पाणी वर चढतं, गार होऊन खाली येतं. या रचनेनं आणि त्या माणसांच्या हिमतीनं त्या रात्री केंद्र वाचलं. पण सुरुवात कुठून झाली? टर्बाइनच्या पात्यापासून. 2009 मध्ये कर्नाटकातल्या कैग्याला कुणीतरी ट्रिटियमचं पाणी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये मिसळलं, पन्नासहून अधिक कामगारांच्या शरीरात ते गेलं. पकडलं कशानं, तर नेहमीच्या लघवीच्या तपासणीनं. म्हणून वर त्या आईला मी नमुन्याचा आग्रह धरला.

2016 ची काकरापारची गळती तरी कुठून आली? त्या 306 नळ्यांपैकी प्रत्येक नळी एका दुसऱ्या नळीच्या आत असते, आणि दोघींच्या मधल्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड वायू फिरवतात. आतल्या नळीतून ओल झिरपली तर या वायूत ती कळावी, हा एक हेतू. पहिल्या भट्टीच्या नळ्या 2008 ते 2011 च्या दरम्यान काढून नव्या, अधिक चांगल्या मिश्रधातूच्या घातल्या होत्या. म्हणजे गळली ती नळी जुनी नव्हती, जेमतेम पाच वर्षं वापरलेली होती. दुसऱ्या भट्टीतही 2015 च्या 1 जुलैला अशीच गळती झाली होती. नळ्या तपासल्या तेव्हा त्यांच्या बाहेरच्या अंगाला, वायूच्या बाजूनं, गंजाच्या गाठी दिसल्या. पाण्याकडून काही झालेलं नव्हतं. चौकशीचा रोख त्या वायूतल्या अशुद्धीकडे गेला. दोन्ही भट्ट्यांच्या नळ्या पुन्हा बदलाव्या लागल्या. दुसरी 2018 मध्ये परत सुरू झाली, पहिली 2019 मध्ये.

हे वाचून मला किती हळहळ वाटली होती, ते कसं सांगू. तेव्हा मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. भट्टी बंद करायच्या दोन स्वतंत्र व्यवस्था, काँक्रीटची दुहेरी इमारत, या सगळ्याचा अभिमान आम्ही बाळगला, आणि तो योग्यच होता. पण नळीभोवती फिरणारा वायू बाहेरून नळी खाईल, हे कुणाच्या नजरेत आलं नाही. त्या काळजीच्या कामाला फोटो नसतो, उद्घाटन नसतं.

दुसऱ्या बाजूचंही तेवढंच खरं आहे. तारापूरच्या भट्ट्या 1969 मध्ये व्यापारी वीज देऊ लागल्या. तेव्हापासून आजवर भारतातल्या कुठल्याही अणुवीज केंद्रातून बाहेरच्या लोकांना घर सोडावं लागेल असा किरणोत्सार सुटलेला नाही. कैग्याची पहिली भट्टी 2016 च्या मे महिन्यापासून 2018 च्या डिसेंबरअखेर 962 दिवस न थांबता चालली, आणि तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. इतके दिवस सलग भट्टी चालवायला शिस्त लागते. फुकुशिमानंतर आपल्या सगळ्या केंद्रांची फेरतपासणी झाली. बाहेरून पाणी जोडायची तोंडं आणि हलती जनित्रं यांची सोय झाली. काकरापारला आता 700 मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्या आहेत, तिसरी आणि चौथी. त्यांपैकी तिसरी 2023 मध्ये आणि चौथी 2024 मध्ये व्यापारी उत्पादन करू लागली.

तेव्हा माझं उत्तर असं. बाहेरच्या माणसाला मिळालेल्या डोसाच्या हिशेबानं इतिहास चांगला आहे, मी मोजलेला आहे. चर, दरवाजे, पाती आणि वायू यांच्या हिशेबानं तो उत्तम म्हणावा असा नाही. ज्या दिवशी पाणी तुमच्या घरात आलं त्या दिवशी तुम्ही केंद्रात शिरणाऱ्या पाण्याचा विचार केलात, तो अगदी बरोबर ठिकाणी केलात.

बडोद्यातच छाणीकडे जड पाण्याचा कारखाना आहे म्हणे. म्हणजे आपल्या उशाशीच अणुभट्टी आहे का?
— गृहिणी, फत्तेगंज

नाही. तिथे अणुभट्टी नाही आणि कधी नव्हती. तो रासायनिक कारखाना. साध्या पाण्यातही अगदी थोडा जड हायड्रोजन असतोच, तो गोळा करून जड पाणी बनतं. ताजं जड पाणी किरणोत्सारी नसतं, ते भट्टीत राहिल्यावर त्यात ट्रिटियम येतं. रासायनिक कारखान्याच्या शेजारी राहताना जी सावधगिरी असावी तेवढी असू द्या. काकरापार मात्र बडोद्यापासून सरळ रेषेत सुमारे 120 किलोमीटरवर आहे. आणीबाणीच्या आखणीचं क्षेत्र केंद्राभोवती 16 किलोमीटरचं धरतात.

तुम्ही आकडे देता, पण ते आकडे सरकारचेच ना? लपवायचं असेल तर कोण रोखणार? आम्ही विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?
— एक वाचक, प्रतापनगर

तुमचा प्रश्न मला आवडला, आणि त्याला उत्तर देताना मी माझ्या जुन्या खात्याची वकिली करणार नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 मध्ये स्थापन झालं. 2012 मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं त्याच्यावरच्या अहवालात स्पष्ट नोंदवलं, की नियामकाला हवी तेवढी कायदेशीर स्वायत्तता नाही. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्यापासून नजर ठेवणारा दूर असावा, हे माझंही मत. मंडळ आपल्या वार्षिक अहवालात प्रत्येक केंद्राच्या परिसरातल्या लोकांना मिळणाऱ्या डोसाचे आकडे छापतं. ते वाचा, मागच्या वर्षाशी ताडून पाहा, शंका आली तर माहितीच्या अधिकारात विचारा. किती आहे एवढंच विचारू नका. नमुना कुठला घेतला, कधी घेतला, हेही विचारा.

आकडा लपवल्यानं विश्वास जातो, पण आकडा न सांगितल्यानंही जातो, हे मला एका बाईनं शिकवलं. एका गावात आम्ही दर महिन्याला दूध घ्यायला जायचो. दूधच का? तर गाय किंवा म्हैस दिवसभर हिंडून मोठ्या रानातलं गवत खाते. हवेतून किरणोत्सारी आयोडीन पडलंच तर ते गवतावर पडतं, तिथून दुधात, आणि दुधातून लहान मुलाच्या गळ्यातल्या थायरॉइडमध्ये. आयोडीन-131 आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणून नमुना आणला की लगेच मोजायचा. त्या बाईच्या दोन म्हशी होत्या. आम्ही जीपमधून उतरायचो, ती बाटली भरून द्यायची, आम्ही पैसे देऊन निघायचो. असं दीड-दोन वर्षं चाललं. एके दिवशी ती बाटली हातात धरूनच उभी राहिली. म्हणाली, "बेन, तमे दूध लई जाओ छो, पण कदी कहेता नथी के अंदरथी शुं नीकळ्युं." म्हणजे, दूध नेता, पण आतून काय निघालं ते कधी सांगत नाही.

मला उत्तर सुचलं नाही. कुणी मनाई केलेली नव्हती, मलाच कधी सांगावंसं वाटलं नव्हतं. पुढच्या महिन्यात गुजरातीत तीन ओळींची चिठ्ठी लिहून नेली. आयोडीन सापडलं नाही. जुन्या अणुचाचण्यांतलं सीझियम मोजता येईल इतकं नाही. पोटॅशियम आहे, ते सगळ्याच दुधात असतं, केळ्यातही असतं. तिला वाचता येत नव्हतं. सातवीतल्या मुलानं ओसरीवर उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवली, शेजारच्या दोघी ऐकायला आल्या. त्यातल्या एकीनं विचारलं, आमच्या विहिरीचं पण करणार का? केलं. चिठ्ठी तिनं कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली.

त्यानंतर जीप दारात थांबली की बाटलीआधी तिचा हात पुढे यायचा, "आ महिनानी चिठ्ठी?"